एकपायी माणसाच्या जागी नागपूर

१४ ऑक्टोबर

पोचलो एकदाचे. नागपूर, दिल्ली, टोरांटो, सस्काटून. प्रमिलेचे पाय सुजले आणि माझं डोकं. उन्मेष विमानतळावर घ्यायला आला तो टॅक्सीने. गाडी विकली म्हणतो. काहून विकली, तर म्हणे, "बाबा, इथे बस मस्त आहे." एवढ्या मोठ्या खाणकंपनीत मॅपिंग इंजिनिअर आणि हा बसने हिंडून राहिला! मी पुढे काही बोलणार तर प्रमिला मध्ये पडली. "अहो, इकडचे लोक पर्यावरणाचा विचार करतात." करोत बाप्पा.

नोकरीत असताना दौऱ्याची दैनंदिनी लिहून वरिष्ठांना सादर करावी लागे. पाटबंधारे खात्यात कार्यकारी अभियंता होईपर्यंत मी ती लिहिली आणि झाल्यावर इतरांच्या तपासल्या, लाल शाईने. निवृत्तीनंतर सवय मोडली. इथे हिवाळाभर करायचं काय, म्हणून परत धरली. ही कोणाला सादर करायची नाही.

पोरगा वाळला आहे. एकुलता एक, तिशी उलटली, लग्नाचं नाव नाही. बोटांना शाई लागलेली दिसली. कॉम्प्युटरवर काम करणाऱ्याच्या बोटांना शाई कशी, ते विचारायचं राहून गेलं.

१७ ऑक्टोबर

मागच्या खोलीचं दार उन्मेष लावून घेतो. आज चहा देण्याच्या निमित्ताने घुसलो. आमच्या ड्रॉइंग ऑफिसात असायचा तसला तिरपा फळा आणि त्यावर ताणून बसवलेला एक गोल नकाशा.

"हे काय रे?"

"जगाचा नकाशा, बाबा."

"हा?"

मी मान वाकडी करून पाहिलं, मग दुसऱ्या बाजूला वाकडी केली. पूर्व वर आहे म्हणे, कारण सूर्य तिकडून उगवतो. मधोमध जेरुसलेम. अगदी वरती आगीच्या भिंतीत एक बाग, तिच्यात एक बाई, एक बुवा आणि साप. तो त्यांचा स्वर्ग. इंग्लंड खाली डावीकडे कडेला चेंगरलेलं. लाल समुद्र चक्क लाल रंगवलाय! शहरं म्हणजे नुसते बुरूज, आणि रिकाम्या जागी जनावरं.

"कॅनडा कुठे आहे?"

"नाहीये."

"कंपनी कॅनडाची आणि नकाशात कॅनडा नाही?"

त्याने आईकडे पाहिलं. प्रमिला चिवड्याची वाटी घेऊन मागोमाग आलीच होती. "शोभेचा आहे हो तो. जुन्या पद्धतीचा. हॉलमध्ये लावणार आहेत." मला माहीत नाही ते हिला कसं माहीत, तर म्हणे मायलेकांचं फोनवर बोलणं होतं. आणि मी फोनवर काय करतो? सूचना देतो, असं ती म्हणाली.

कागद फार जाड वाटला म्हणून हात लावला. कागद नाहीच. कातडं! माझा चेहरा पाहून उन्मेष घाईघाईने म्हणाला, "बकरीचं आहे बाबा, बकरीचं." प्रमिला म्हणाली, तबल्यालाही बकरीचंच असतं, आणि तबला तर आपण देवासमोर वाजवतो. मग मीही चिवडा खायला घेतला.

निघताना तो खाली बघत म्हणाला, "बावीस नोव्हेंबरला लागायचाय. त्यावर मला पुढे घ्यायचं की नाही ते ठरणार आहे."

म्हणजे पोराची नोकरी या असल्या नकाशावर टांगलेली आहे. मला तेव्हापासून चैन नाही.

२५ ऑक्टोबर

रविकांतचा फोन. नागपूरला फुटाळा तलावावर सकाळी आम्ही सोबत फिरतो. "काय करून राहिला बे उन्मेष?" मी म्हटलं, कंपनीसाठी अख्ख्या जगाचा नकाशा करून राहिला. सॅटेलाइटवरून, असंही तोंडातून निघून गेलं. तो म्हणाला, लेका नशीबवान आहेस, माझा पोरगा तर धड घरचा पत्ता सांगू शकत नाही. प्रमिला शेजारी बसून मटार सोलत होती. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मटार सोलू लागली.

संध्याकाळी उन्मेषच्या बॉसचा फोन आला. हेलन नाव. तो तिला डॉक्टर म्हणतो. दोघं कितीतरी वेळ एका अक्षराच्या वळणावर बोलत होते. खाणीच्या कंपनीत एवढी बारकाई! आमच्या खात्यात असती तर निम्मे कालवे गळले नसते.

१ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. बाहेर बर्फ. खिडकीत पणती ठेवली तर धुराने वाजेल म्हणून छतावरचा अलार्म काढून ठेवावा लागला. रांगोळी प्रमिलेने दाराच्या आतल्या बाजूला काढली.

पूजा मीच सांगतो, वडिलांनी शिकवलेली. संकल्पाला बसलो. जंबुद्वीपे, भरतवर्षे, दंडकारण्ये देशे, गोदावर्याः उत्तरे तीरे... आणि अडलो. इथे कुठली गोदावरी? पळीतलं पाणी हातावरून ओघळून चाललं. उन्मेष म्हणाला, "सस्कॅचवान नदी आहे ना बाबा. पश्चिमे तीरे म्हणा." मी म्हणालो. देवीची काही हरकत दिसली नाही.

नंतर फराळ करताना त्याने विचारलं, "बाबा, जंबुद्वीप म्हणजे नक्की कुठे?" मी म्हटलं, पोथीतलं आहे ते, त्याला काय विचारतोस. तर आईने सुरू केलं. मध्यभागी मेरू पर्वत, भोवती जंबुद्वीप, त्याभोवती खाऱ्या पाण्याचा समुद्र, मग एक द्वीप आणि उसाच्या रसाचा समुद्र, मग तुपाचा, दह्याचा, दुधाचा. पोरगा पेपर नॅपकिनवर गोलात गोल काढत गेला. डोळे असे चमकून राहिले होते की जणू बोनस मिळाला! मी म्हटलं, असल्या गोष्टींनी नोकऱ्या टिकत नसतात. त्याने नॅपकिनची घडी करून खिशात ठेवली.

६ नोव्हेंबर

आज त्याच्यादेखतच नकाशा भिंगाने तपासला. चुकांना सुमार नाही. स्केल नाही. उत्तरेचा बाण नाही. श्रीलंका जवळजवळ आपल्याएवढी. पण डोकं फिरलं ते भारत बघून. हिंदुस्थान आहे वरती, स्वर्गाच्या बागेला लागून, हे एक ठीक. पण तिथे काढलंय काय? एक उघडा माणूस, त्याला एकच पाय, तोही केवढा! उताणा पडून तो पाय छत्रीसारखा डोक्यावर धरलाय. उन्हापासून सावली!

"हे आपण?"

"त्यांना तसं वाटायचं बाबा. कोणी आलेलंच नव्हतं ना इकडे. ऐकलेलं काढायचे."

"त्यांना वाटायचं म्हणून तू काढणार? तुला तर माहीत आहे ना आपल्याला किती पाय असतात?"

"मुद्दाम तसंच ठेवायचंय. तेच काम आहे."

"चुकीचं काढणं हे काम?"

तो हसला. थकल्यासारखा हसला, मला ते आवडलं नाही. कालव्याच्या नकाशात एक रेघ हुकली तर पाणी भलत्याच्या शेतात जातं, हे मी त्याला लहानपणापासून सांगत आलो. उद्या हॉलमध्ये शंभर गोरे लोक उभे राहणार, आणि काढणारा नागपूरचा! वरचे साहेब म्हणतील, याला स्वतःचा देश काढता येत नाही, याला कशाला ठेवायचं? पोराला कळत नाही की तो स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊन राहिला.

प्रमिलेला म्हटलं तर ती म्हणाली, "तुम्ही त्यात पडू नका." चारदा म्हणाली.

९ नोव्हेंबर

पुढचा अख्खा आठवडा उन्मेषला सुट्टी. रीडिंग वीक म्हणतात त्याला. कंपनी कर्मचाऱ्यांना वाचनासाठी आठवडाभर सुट्टी देते! आमच्या खात्यात लोक वाचायचे, पण ऑफिसच्या वेळेत. रविकांतला हे सांगितलं तर तो म्हणे, म्हणूनच ते देश पुढे आहेत. प्रमिलेला हसू आवरेना. का हसली ते सांगत नाही.

१२ नोव्हेंबर

मायलेक बसने इंडियन स्टोअरला ग्रोसरीसाठी गेलेत. मी घसा दुखतो म्हणून मागे राहिलो. घसा ठीक आहे.

काम झालं. आत्ता हात धुऊन बसलोय आणि फार दिवसांनी छान वाटतंय. माझी रॉट्रिंगची पेनं मी बॅगेत आणलीच होती, शाईने नकाशे काढायची, नोकरीतली. वेळेला उपयोगी पडली. दाढीचं ब्लेड अर्धं मोडून आधी तो एकपायी माणूस खरवडला. ट्रेसिंग पेपरवर करायचो तसाच, हलक्या हाताने, एका दिशेने. कातडं कागदापेक्षा समजूतदार निघालं, शाई पापुद्र्यासारखी सुटत गेली. मग नखाने घोटून जागा गुळगुळीत केली, नाहीतर नवी शाई फुटते. आणि तिथे व्यवस्थित बिंदू काढून इंग्रजी कॅपिटल अक्षरांत नागपूर लिहिलं. दुसरं कुठलं गाव लिहिणार? देशाचा मध्य आहे तो, झिरो माइलचा खांब आहे आमच्याकडे! समासात उत्तरेचा बाण काढला. नकाशा आडवा असल्याने तो डावीकडे दाखवतो, पण बरोबर आहे. दक्षिणेचं टोक आणि श्रीलंका पेन्सिलीने आखून ठेवलेत. शाई उन्मेषने भरावी. शेवटी काम त्याचं आहे.

बाकीचं जग मी सोडून दिलं. युरोपचं ते बघतील.

माझ्या वडिलांनी माझ्या एकाही कामाला कधी हात लावला नाही. त्यांना येतच नव्हतं. उन्मेषला निदान बाप इंजिनिअर मिळाला.

दाराशी बूट आपटल्याचा आवाज आला. आले वाटतं.

१३ नोव्हेंबर

नको.

१४ नोव्हेंबर

लिहून टाकतो, नाहीतर डोक्यातून जाणार नाही.

परवा उन्मेष पिशव्या ठेवून खोलीत गेला. मी मागे उभा होतो, म्हटलं आता पोरगा म्हणेल, बाबा, कमाल केली. तो ओरडला नाही. फळ्यासमोरच्या स्टुलावर बसला आणि बोट पुढे नेऊन, न टेकवता, त्या जागेवर धरून राहिला. प्रमिला आली, तिने पाहिलं आणि म्हणाली, "अहो, हे काय केलंत हो तुम्ही!" लग्नानंतर तिचा असला आवाज मी एकदाच ऐकला होता, माझी आई गेली तेव्हा.

मग सगळं बाहेर आलं. उन्मेषने कंपनी सोडून दोन वर्षं झाली. तो युनिव्हर्सिटीत जुने नकाशे शिकतो. म्हणजे सात-आठशे वर्षांपूर्वीची माणसं जग कसं समजत होती, ते. इंग्लंडातल्या कुठल्याशा मठातला एक नकाशा आहे, त्याची ही नक्कल. तेव्हा वापरायचे तसंच कातडं, तशीच शाई घरी उकळून, हंसाच्या पिसाचा टाक. गेल्या हिवाळ्यापासून तो हेच करतोय. हेलन त्याची प्रोफेसर. बावीस तारखेला प्रदर्शन, तिथे समिती येणार आणि नक्कल बघून त्याला पीएचडीला घ्यायचं की नाही ते ठरवणार. नक्कल म्हणजे मुळाबरहुकूम. चुकांसकट. एकपायी माणसासकट.

"दुसरा काढ," मी म्हटलं.

"कातडं एकच होतं बाबा. आणि दुसरं असतं तरी दहा दिवसांत होत नाही."

"मग मला सांगितलं का नाहीस? आईला सांगितलंस!"

तो म्हणाला, "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मला दुरुस्त करत बसला असता."

मी म्हटलं, मी खोटं बोलणारा पोरगा वाढवला नव्हता. तो म्हणाला, हो, मी खोटं बोललो. एवढंच. भांडायलाही तयार नाही. दार लावून घेतलं.

मी संतापलोच. का संतापू नये? दोन वर्षं मी रविकांतला काय काय सांगितलं! आज सकाळी प्रमिलेसमोर तेच चालू होतं. इंजिनिअर होऊन हे धंदे, पृथ्वी गोल आहे हे शेंबड्या पोराला माहीत असताना असला अडाणी नकाशा, आणि त्यावर आयुष्य. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवून म्हणाली, "दरवर्षी देवासमोर बसून तुम्ही सांगता ना, मी जंबुद्वीपात आहे म्हणून? उसाच्या रसाच्या समुद्राच्या अलीकडे? तेव्हा नाही तुमचा उत्तरेचा बाण आठवत. तेव्हा अडता कुठे, तर गोदावरी सापडत नाही म्हणून."

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

पोळी करपली तीच मी खाल्ली.

१५ नोव्हेंबर

एकटा बसने युनिव्हर्सिटीत गेलो. उन्मेषला सांगितलं नाही. ड्रायव्हरला दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा त्यानेच मागे वळून सांगितलं की आलं. माकडटोपीतून बोललेलं कोणाला कळत नाही.

हेलनबाई माझ्याच वयाच्या आहेत. खोलीत बसायला जागा नाही एवढी पुस्तकं. मी इंग्रजीत सरळ सांगितलं की मी उन्मेषचा बाप, नकाशा मी बिघडवला, त्याचा दोष नाही, शिक्षा करायची तर मला करा. बाई चक्रावल्या. उन्मेषने त्यांना एवढंच कळवलं होतं म्हणे की एके जागी अपघात झालाय. बापाने केलं हे त्याने सांगितलंच नव्हतं. ते ऐकून मी खुर्चीवरची पुस्तकं बाजूला सारून बसलो.

त्यांनी विचारलं, खरवडलं कशाने? मी ब्लेड, दिशा, नख, सगळं सांगितलं. त्या मध्येच थांबवून बारकावे विचारू लागल्या. तेव्हाचे लोकही चाकूने असंच खरवडायचे आणि घोटायचे. त्या म्हणाल्या, जुन्या नकाशांवर पुष्कळदा असं सापडतं. कोणीतरी शंभर वर्षांनी येतो, एक नाव खोडतो, आपलं घालतो. त्याला त्यांच्यात "नंतरचा हात" म्हणतात. अशाही जागा असतात म्हणे की बोटं लागून लागून शाई उडालेली असते. मी विचारलं, कोणाची बोटं? त्या म्हणाल्या, बघायला येणाऱ्यांची. प्रत्येक जण आपलं गाव दाखवायला तिथेच बोट टेकवायचा.

"मग त्याला घेतील ना?" मी विचारलं.

त्यांनी खोटा धीर दिला नाही. म्हणाल्या, आता ती बिनचूक नक्कल राहिलेली नाही, आणि समितीत सगळे माझ्यासारखे नाहीत. पुढे काय करायचं ते उन्मेषने ठरवायचं. तुम्ही नाही, मीही नाही.

येताना भलत्याच स्टॉपवर उतरलो आणि बर्फातून चालत आलो. रस्ताभर त्या एका वाक्याचं वाईट वाटत राहिलं. अपघात झाला म्हणाला पोरगा.

१७ नोव्हेंबर

सकाळी त्याचं दार वाजवलं. आत यायचं का, असं विचारलं. प्रमिला म्हणते हे तिने पहिल्यांदा पाहिलं.

सांगितलं की हेलनबाईंकडे जाऊन आलो. तो आधी चिडला, मग म्हणाला, "माकडटोपी घालून?" मी म्हटलं, हो. त्याला हसू आलं ते त्याने दाबलं.

मी म्हटलं, "चुकलो रे मी. तुझ्या कामाला हात लावायला नको होता."

तो म्हणाला, "मी पण सांगायला हवं होतं." आम्हाला असलं बोलायची सवय नाही, मी उगाच पेन्सिलीची टोकं बघत बसलो.

नंतर त्याने ठरवलं ते असं. पेन्सिल तर रबराने गेली. बाण खरवडायचा. तो त्याने मलाच करायला सांगितला. या वेळी प्रत्येक रेघेआधी मी त्याच्याकडे बघत होतो. नागपूर खरवडायचं का? मी म्हटलं, एका जागी दोनदा खरवडलं की भोक पडेल, ट्रेसिंगचं मी पाहिलंय. त्याने भिंगातून पाहिलं आणि म्हणाला, "राहू दे. आहे ते आहे. समितीला मी खरं तेच सांगीन."

"त्यांनी नाही घेतलं तर?"

"तर नाही घेतलं."

"कंपनी परत घेईल का?"

"बाबा."

"बरं बरं."

एकपायी माणूस मात्र परत हवाच होता. नागपूरच्या डावीकडे थोडी मोकळी जागा होती तिथे उन्मेषने तो टाकाने काढला. शाई फुटू नये म्हणून आधी ती जागाही नखाने घोटून घे, एवढंच मी सांगितलं, आणि त्याने ते ऐकलं. बाकी मी स्टुलावर हात मांडीखाली घालून बसलो. काय हात आहे पोराचा! रेघ अशी जाते की श्वास रोखावा. माझ्या सबंध नोकरीत एवढा चांगला ड्राफ्ट्समन मला मिळाला नाही, आणि हा घरात होता. हे मी त्याला म्हटलं. त्याचा टाक मध्येच थांबला. "शाई वाळेल," मी म्हटलं, तेव्हा पुढे सुरू झाला.

प्रमिला बघून गेली. म्हणते, एकपाय्या तुमच्यासारखा दिसतो. काहीतरीच. माझं नाक असं नाही आणि त्याची टोपी कुठल्याही थंडीतल्या माणसाची असू शकते.

२२ नोव्हेंबर

लायब्ररीच्या हॉलमध्ये प्रदर्शन. उन्मेषने कोट घातला होता, शाई लागलेली बोटं खिशात. मला माकडटोपी काढायला लावली.

समितीचे तिघं नकाशासमोर उभे राहिले तेव्हा आम्ही दोघं लांब खांबाशी होतो. प्रमिला मनातल्या मनात काहीतरी पुटपुटत होती. एका उंच माणसाने वाकून नेमकं नागपूरवरच भिंग धरलं. त्याने काहीतरी विचारलं, उन्मेष बोलू लागला. बोलता बोलता त्याने आमच्याकडे हात केला. तिघंही वळून माझ्याकडे बघू लागले. मी नमस्कार केला. दुसरं काय करणार?

नकाशाशेजारी पाटी होती. मूळ कुठलं, काळ कुठला, कातडं कसलं, नक्कल कोणाची. आणि शेवटी एक ओळ, ती उन्मेषने आम्हाला मराठीत सांगितली: नागपूर हे नाव नंतरच्या हाताचं आहे, नक्कल करणाऱ्याच्या वडिलांच्या. प्रमिलेने चष्मा लावून ती ओळ स्वतः परत वाचली आणि मग पदराने चष्मा पुसत बसली.

चहाच्या वेळेला उन्मेष आला. "घेतलं," म्हणाला. उंच माणूस शेवटपर्यंत कुरकुरत होता की नक्कल ही नक्कलच हवी. बाकी दोघांनी घ्यायचं म्हटलं. प्रमिलेने सगळ्यांसमोर त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. मी त्याच्या पाठीवर थाप मारली, जरा जोरातच लागली असावी.

लोक पांगल्यावर मी रविकांतला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे पहाट, गडी फुटाळ्यावर कानटोपी घालून उभा. मी कॅमेरा नकाशाकडे फिरवला.

"हा बे कसला नकाशा? भारत वर कसा? आणि हा लंगडा कोण?"

"लंगडा नाही तो. त्याला पायच एक."

"सॅटेलाइटवरून असं दिसते?"

"सॅटेलाइट नाही रे. मी खोटं सांगितलं तुला. उन्मेषने कंपनी सोडली. तो जुने नकाशे शिकतो. हाताने काढलाय त्याने हा, पिसाने, वर्षभर बसून."

रविकांतने फोन डोळ्यांजवळ नेला. मग रविकांत म्हणाला, "पण विश्वनाथ, हे सगळं चुकीचं आहे बे."

"हो," मी म्हटलं. "मुद्दाम आहे. तेच काम आहे त्याचं."

"बरं बाप्पा. आपण कुठे आहोत यात?"

नकाशाला काच नव्हती. हात लावू नये अशी पाटी होती. उन्मेष शेजारीच उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं, तो पाटीकडे पाठ करून दुसरीकडे बघू लागला.

"हे बघ, इथे," मी म्हटलं आणि नागपूरवर बोट टेकवलं.